हात मागे घ्यायला शिका : विशेष मुलांना कमाईचं काम शिकवताना

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या कर्मशाळेत, म्हणजे विशेष मुलांना काम शिकवायच्या शाळेत, रात्री नऊपर्यंत दिवे चालू असायचे. मुलं पाचलाच घरी गेलेली असायची. आम्ही शिक्षिका आणि दोन मदतनीस बसून त्यांनी रंगवलेल्या पणत्या पुन्हा रंगवायचो. ओघळलेला रंग पुसायचा, कुंदन सरळ बसवायचे, सोनेरी रेघ आपल्याच हाताने ओढायची. सकाळी त्या पणत्या ‘विशेष मुलांनी बनवलेल्या वस्तू’ अशा पाटीखाली मांडल्या जायच्या आणि हातोहात खपायच्या. दिवाळी संपली की त्याच मुलांना मणी ओवायला द्यायचे. संध्याकाळी ओवलेले मणी सोडवून पुन्हा डब्यात, उद्यासाठी.

त्या मण्यांकडे बघून एका मुलाने ओवणंच बंद केलं. आम्ही वहीत ‘असहकार’ असं लिहिलं. खरं तर वर्गात सगळ्यात शहाणा तोच होता.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुला-मुलींच्या आयांसाठी, बाबांसाठी आणि विशेष शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. एकच काम उदाहरणाला घेते आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं शिकवायचं ते सांगते. तुमचं काम वेगळं असेल, रीत हीच.

काम कुठे शोधायचं

घरातल्या कपाटात नाही, बाजारात. ‘याला काय जमेल?’ हा प्रश्न आपण आधी विचारतो आणि तिथेच फसतो, कारण उत्तर ठरलेलं असतं : मणी, मेणबत्त्या, पणत्या, शुभेच्छापत्रं. आधी वही घेऊन घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरात फिरा. किराणा दुकान, इस्त्रीवाला, झेरॉक्सचं दुकान, पोळीभाजी केंद्र, रोपवाटिका, मंगल कार्यालय. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा : रोज करावं लागतं, पण करायला माणूस मिळत नाही, असं कुठलं काम आहे? आम्ही असे फिरलो तेव्हा किराणावाल्याने डोकं न खाजवता सांगितलं, “साखर, रवा, पोहे अर्ध्या अर्ध्या किलोचे बांधून ठेवणारा कोणी द्या. पोरं दोन महिने टिकतात आणि पळतात.”

कामाला बारा महिने मागणी हवी. एकच कृती पुन्हा पुन्हा करायची असावी, कारण आपल्याला कंटाळवाणी वाटणारी पुनरावृत्ती यातल्या पुष्कळ मुलांना दिलासा देते. पुष्कळांना, सगळ्यांना नाही. माणसांत मिसळायला आवडणाऱ्या मुलाला कोपऱ्यात पिशव्या भरायला बसवणं ही शिक्षाच. आणि चूक झाली तर ती स्वस्तात सुधारता यावी. साखर कमी भरली तर चमचाभर घालता येते. ब्लाउज चुकीचा कापला तर गेला.

मुलाकडे आठवडाभर नुसतं बघा

शिकवू नका, बघा. किती वेळ एका जागी बसतो? उभं राहणं जमतं का? कुठल्या आवाजाने कानांवर हात जातात? काय हातात आलं की सोडवत नाही? कोणता वास सहन होत नाही? पाणी ओतून घेताना कोणता हात पुढे येतो?

डॉक्टरांची फाईलही याच आठवड्यात काढा. फिट येत असतील तर उघडी आग, पाण्याची टाकी, शिडी, फिरतं यंत्र ही कामं बाद. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचे मानेचे मणके सैल असतात, म्हणून डोक्यावर ओझं नाही. बऱ्याच जणांना थायरॉइडचा किंवा हृदयाचा त्रास असतो, तेव्हा ‘आळशी आहे’ म्हणण्याआधी तपासणी करून घ्या. सेरेब्रल पाल्सी असेल तर आधी बैठक. पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले, कोपर टेबलाच्या उंचीला. भांडं सरकत असेल तर खाली ओलं फडकं घाला, कणीक मळताना परातीखाली घालतो तसं. बाजारातली न सरकणारी महागडी चटई यापेक्षा फार वेगळं काही करत नाही.

कामाचे तुकडे

अमेरिकेत १९७०च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या शिक्षक-संशोधकाने तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जुळवायला शिकवलं. त्या काळी त्यांना कोणी काही शिकवायचाच प्रयत्न करत नसे. त्याचं म्हणणं साधं होतं : शिकणाऱ्याला येत नसेल तर शिकवायची रीत बदलून बघा. एक युक्ती तर कोणालाही करता येण्याजोगी होती. प्रत्येक भागाची जी बाजू समोर यायला हवी तिला रंग दिला.

आता आपली अर्धा किलो साखर. तुम्ही स्वतः दहा पिशव्या भरा आणि दुसऱ्या कोणाला तुमचा हात काय काय करतो ते लिहून काढायला सांगा. आमची यादी अशी झाली :

१. हात धुवून पुसून, टोपी घालून जागेवर बस.
२. गठ्ठ्यातली एक पिशवी घे.
३. पिशवीचं तोंड दोन बोटांत चोळून उघड.
४. पिशवी नरसाळ्याच्या तोंडावर चढव.
५. डब्यातून एक माप भरून साखर ओत.
६. पिशवी पारड्यात ठेव.
७. पारडं वर असेल तर चमच्याने साखर घाल, खाली असेल तर काढ.
८. तोंडाच्या दोन्ही कडा जुळव.
९. सीलच्या मशीनमध्ये धर, दाब, दिवा विझेपर्यंत थांब.
१०. ट्रेच्या रिकाम्या खणात ठेव.

यातली तिसरी पायरी किरकोळ वाटते, पण पहिल्या महिन्यात सगळं तिथेच अडलं होतं. पातळ पिशवीचं तोंड चिकटलेलं असतं. बँकेतल्यासारखा ओला स्पंज चालत नाही, साखर चिकटते. फुंकर मारणं अस्वच्छ. शेवटी पिशवीचा कोपरा दोन तळहातांत धरून ‘हात चोळायचे’, हे जमलं. तुमच्या कामातही अशी एखादी चिकट जागा असेल. तिचे आणखी तीन तुकडे करा. ज्यांना एक पायरी पुरते त्यांच्यासाठी उगाच दोन करू नका.

वस्तूंनाच हुशार करा

मुलाला अंक येत नाहीत म्हणून काम थांबत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ४९७ आणि ५०२ यांतला फरक कळायला हवा; जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत एकीकडे अर्ध्या किलोचं वजन ठेवलं की नुसतं ‘सारखं झालं का’ एवढंच बघायचं. आम्ही काटा बाजूला ठेवला आणि तराजू आणला. वजनाखाली एक रिकामी पिशवीही ठेवली, म्हणजे पिशवीचं वजन दोन्हीकडे सारखं. दुकानदार शेवटी एकदा काट्यावर तपासून घेतोच.

मोजणीचंही तसंच. दहा खणांचा ट्रे केला. ट्रे भरला म्हणजे दहा झाल्या, आकडे यायची गरज नाही. मापाच्या डब्यावर बाहेरून लाल पट्टी, साखर त्या पट्टीपर्यंत. बसायच्या जागी टेबलावर चिकटपट्टीने चौकोन आखले : डावीकडे रिकाम्या पिशव्या, मधे नरसाळं, उजवीकडे तराजू. डावखुऱ्या मुलासाठी उलटं. पायऱ्यांचे फोटो काढून ओळीने भिंतीवर लावा. चित्रांपेक्षा फोटो, आणि फोटोत त्याचेच हात.

शिकवणं आणि हात काढून घेणं

कष्टाचा भाग इथून पुढे. शिकवणारे बहुतेक इथेच चुकतात, मीही चुकले.

मदत चार प्रकारची : हात धरून करून घेणं, करून दाखवणं, बोटाने खूण करणं, बोलून सांगणं. आपल्याला वाटतं बोलणं ही सगळ्यात हलकी मदत. अनुभव उलटा आहे. बोलण्याची सवय सगळ्यात चिवट. “घे, पिशवी घे, हां, आता उघड, उघड ना रे” हे रोज ऐकणारा मुलगा ‘उघड’ ऐकू आल्याशिवाय पिशवी उघडत नाही. त्याच्या लेखी ती हाक हीच कामाची एक पायरी झालेली असते. म्हणून शिकवताना शक्य तितकं गप्प राहा. आयांना हे फार जड जातं, मला माहीत आहे.

समोर बसू नका, मागे किंवा बाजूला उभ्या राहा. समोर बसलं की डावं-उजवं उलटं दिसतं, शिवाय मूल कामाकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. हात धरायचा असेल तर मागून, हलका. त्याआधी ‘हात धरू का?’ विचारायचं. काही दिवसांनी पकड मनगटावर, मग कोपरापाशी, मग नुसतं बोट. प्रत्येक पायरीला मनातल्या मनात पाच आकडे मोजा, आणि मगच मदत करा. हे पाच सेकंद फार लांब वाटतात. त्या वेळात त्याचं डोकं चाललेलं असतं.

सुरुवात कुठून करायची? मी बहुतेक वेळा शेवटून करते. नऊ पायऱ्या आपण करायच्या, दहावी त्याची : भरलेली पिशवी खणात ठेवायची. त्याच्या हाताने काम पूर्ण होतं आणि तोच क्षण त्याच्या लक्षात राहतो. ते जमलं की आठवी त्याची, मग सातवी, असं मागे मागे यायचं. या उदाहरणात नववी पायरी मात्र ओलांडून पुढे जायचं. मशीन गरम होतं, म्हणून सील आम्ही सगळ्यात शेवटी शिकवलं, तेही आधी आठवडाभर बटण बंद ठेवून. हाताने दाबायच्या सीलिंग मशीनला दिवा असतो. दाबलं की लागतो, सील झालं की विझतो. ‘दिवा गेला, एक-दोन, सोड’ एवढं पाठ झालं की पुरे. ते एक-दोन सील थंड व्हायला लागतात. ज्याला पायऱ्यांचा क्रम पटकन लक्षात येतो त्याला पहिल्या पायरीपासून शिकवलं तरी चालतं.

एका वेळी वीस मिनिटं. मग पाणी, मोकळा वेळ, पुन्हा वीस मिनिटं. शेवटची पिशवी चांगली झाली की तिथेच थांबा, ‘अजून एक’ म्हणू नका.

चुकलं तर ‘नाही, नाही’ असा ओरडा नको. त्या पायरीला थांबवा, एक पायरी मागे न्या, मदत थोडी वाढवा, पुढे चला. तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर दोष मांडणीचा धरा. आमच्याकडे एक मुलगी दर वेळी दोन पिशव्या उचलायची. महिनाभर आम्ही तिला समजावत होतो. मग कोणीतरी गठ्ठा आडवा ठेवण्याऐवजी क्लिपला टांगला. प्रश्न त्या दिवशीच मिटला.

वही

दहा पायऱ्यांच्या दहा ओळी, तारखांचे रकाने. प्रत्येक चौकोनात एक अक्षर : ‘हा’ म्हणजे हात धरून, ‘दा’ दाखवून, ‘खू’ खुणेने, ‘बो’ बोलून, ‘स्व’ स्वतः. दिवसातली एकच पिशवी नोंदवा, पहिली, कारण त्या वेळी आपण काही शिकवलेलं नसतं. पंधरा दिवसांनी वही उघडा. कुठे ‘हा’चे ‘खू’ झालेत, कुठे ‘बो’ पंधरा दिवस हललेला नाही, ते स्वच्छ दिसतं. सलग तीन दिवस सगळीकडे ‘स्व’ आलं की काम आलं. ही वही शाळेत आणि घरी एकच असू द्या. शाळेत ‘स्व’ आणि घरी ‘हा’ असं असेल तर घरात कोणाला तरी घाई आहे.

काम आलं, पण कामगार झाला का?

नोकरी सुटते ती पिशवी वाकडी भरली म्हणून नाही. शौचाला जायचं सांगता आलं नाही, डबा आला की काम टाकून उठला, दुकानातल्या बाईचा पदर धरला, अशा कारणांनी सुटते. हे सगळं चौदा-पंधराव्या वर्षी सुरू करून भागत नाही. दहाव्या वर्षापासून घरात चालू हवं. लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, जेवायच्या वेळी माणसं मोजून ताटं घेणं, स्वतःची बाटली भरणं. घरातल्या इतर मुलांना जशी कामं असतात तशीच, आणि झाली की शाबासकीही तेवढीच, टाळ्यांचा कडकडाट नको.

चार वाक्यं प्रत्येकाला यायलाच हवीत, बोलून नाहीतर कार्ड दाखवून : ‘संपलं’, ‘कळलं नाही’, ‘थोडं थांबतो’, ‘नको’. ‘थोडं थांबतो’ सांगता न येणारा मुलगा पिशव्या फेकतो, आणि मग त्याला आक्रमक असा शिक्का बसतो. कार्ड हातात दिलं की फेकणं बऱ्याचदा आपोआप कमी होतं, मात्र कार्ड दाखवल्यावर खरंच थांबू द्यायला हवं. चौथा शब्द आम्ही वर्षानुवर्षं शिकवलाच नाही. ‘शहाणा मुलगा’ म्हणजे सांगेल ते ऐकणारा, अशी आपली समजूत. बाहेर काम करणाऱ्या मुलीला आणि मुलालाही ‘नको, हात लावू नका’ म्हणता आलं पाहिजे, आणि घरी येऊन कोणाला सांगायचं ते नावानिशी माहीत पाहिजे.

दुकानात

कर्मशाळेत सगळीकडे ‘स्व’ मिळवलेला आमचा पहिला मुलगा दुकानात गेला आणि नुसता बसून राहिला. स्टूल उंच होतं, साखरेचा डबा निळ्याऐवजी पिवळा होता, तराजूच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. त्याच्या दृष्टीने ते निराळंच काम होतं. तेव्हापासून आम्ही पहिले दोन आठवडे आमचाच ट्रे, आमचंच नरसाळं, आमचाच डबा दुकानात नेतो आणि रोज एकेक वस्तू दुकानातली घेतो. जमलं तर शिकवतानाच डबा, जागा, शिकवणारी व्यक्ती बदलत राहायचं.

शिक्षिकेने आधी एक दिवस स्वतः तिथे काम करावं. दुकानदाराशी बोलताना दयेची भाषा नको. ‘दोन आठवडे बघा, तासाला इतक्या पिशव्या होतील, पहिल्या महिन्यात आमचं माणूस सोबत असेल’ असं सांगा. दुकानातलं एक माणूस हेरून ठेवा, ज्याच्याकडे मुलगा वळून बघू शकेल. ते बहुधा मालक नसतं, आमच्याकडे तराजूवर बसणारे काका होते. मग आपलं माणूस रोज दहा-दहा मिनिटं उशिरा पोचेल. हात मागे घेणं इथेही चालूच.

पैसे पहिल्या महिन्यापासून. पिशवीमागे की तासाला हे आधी ठरवून, बाकीच्यांना मिळतो त्या दराने. शक्यतो मुलाच्या नावच्या खात्यात, आणि त्यातले थोडे त्याच्या हातात. त्याने स्वतःच्या पैशांनी वडापाव घ्यावा. काम आणि पैसे यांचा संबंध त्याशिवाय कळत नाही. माल दुकानदाराचा असेल तोवर परवाने त्याचे. तुमच्या बचत गटाच्या किंवा शाळेच्या नावाने खाद्यपदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि पाकिटावर वजन, तारीख, किंमत वगैरे तपशील लागतात.

कागदपत्रं, थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नतेला त्यात वाटा मिळाला हे या कायद्यातलं नवं. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र) बाराखडीसारखं सगळीकडे उपयोगी पडतं. विशेष शाळा १८ वर्षांपर्यंत, त्यानंतर कर्मशाळा. जागा कमी असतात, म्हणून सोळाव्या वर्षीच चौकशी करा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठरा वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करतात. त्याच कायद्याखाली निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

विशेष मुलांसाठीच्या संस्थांपैकी मुंबईचं जय वकील १९४४पासून आणि पुण्याचं कामायनी १९६४पासून या कामात आहे. पण कोणा पालकाला खात्री पटत नसेल तर मी त्यांना जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये जाऊन चहा घ्या म्हणते. तिथली ऑर्डर घेणारी, खाणं बनवणारी मंडळी आपल्याच मुलांसारखी आहेत.

मे महिना

सुट्टीत सगळं विसरलं जातं, ही तक्रार दर जूनला येते. ट्रे, तराजू आणि नरसाळं सुट्टीत घरी न्या. घरची साखर, तांदूळ, रवा त्यालाच बांधू द्या. आजोळी जाणार असाल तर वहीही बरोबर न्या आणि आजीला आधीच सांगून ठेवा : नातवाने पिशवी उघडायला वेळ लावला तर पाच आकडे मोजायचे, मनात, आणि हात पदराखाली ठेवायचे.